चांद्याचा परकोट : झाडंझुडपं तर निघाली, पुढचं कोण करणार?

झरपटकाठ (धागाकर्ता)

राम राम मंडळी. खूप दिवसांचं डोक्यात आहे म्हणून धागा काढतोय, लांबला तर सांभाळून घ्या.

जे चंद्रपूरचे (म्हणजे जुन्या चांद्याचे) नाहीत त्यांना आधी थोडं सांगतो. आमच्या गावाभोवती गोंड राजांचा दगडी परकोट आहे, घेर जवळपास ११ किमी. डोंगरावरचा किल्ला नाही हा, तिकीट काढून बघायला जायची भानगड नाही, घरं, गॅरेजं, शाळा, भंगारवाले, नाले सगळ्यांच्या मधून ही भिंत जाते. चार दरवाजे : जटपुरा, अंचलेश्वर, बिनबा, पठाणपुरा. पाच खिडक्या, म्हणजे छोटे दरवाजे : बगड, हनुमान, विठोबा, चोर आणि मसाण. सुरुवात खांडक्या बल्लाळशहाच्या काळातली मानतात आणि पुढं काही पिढ्या काम चालू राहिलं. ससा कुत्र्याच्या मागं धावला, राणीनं सांगितलं की त्यांच्या वाटेवरच भिंत बांधा, ही गोष्ट इथल्या प्रत्येक पोराला माहीत असते. संरक्षित स्मारक आहे, केंद्रीय पुरातत्त्व खात्याकडे.

२०१७ च्या आधी यातला अर्धा परकोट दिसतच नव्हता. नुसतं जंगल, वरून खाली कचरा. १ मार्च २०१७ ला इको-प्रो या इथल्या स्वयंसेवी संस्थेच्या पोरांनी, बंडू धोतरे आणि त्यांच्या टीमनं, रोज सकाळी जाऊन साफ करायला घेतलं. मार्चमध्ये सुरू केलं म्हणजे पुढं एप्रिल-मे आला, आणि चांद्याचा मे काय असतो ते मी वेगळं सांगायला नको. २०० दिवसांच्या वर झाले तेव्हा ऑक्टोबरात 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनी नाव घेतलं, मग सगळीकडे बातम्या आल्या. काम त्यानंतरही चालूच होतं. हेरिटेज वॉक सुरू झाला, काही ठिकाणी खात्यानं डागडुजी पण केली.

हे सगळं भारीच, प्रश्नच नाही. पण पाऊस दरवर्षी येतो ना जी. ऑगस्ट संपेपर्यंत भिंतीच्या माथ्यावर पुन्हा गवत, तरोटा, पिंपळाची रोपं. दरवर्षी कोणीतरी पोरांनी उत्साहानं यायचं आणि फुकट राबायचं, असं किती वर्षं चालणार? आणि दुसरं, ज्यांची घरं भिंतीला टेकून आहेत त्यांच्याशी कोणी बोलतच नाही. एक तर "अतिक्रमण" म्हणायचं, नाही तर तिकडं बघायचंच नाही. माझ्या मते परकोट टिकायचा असेल तर तो त्याच लोकांच्या भरवशावर टिकेल, बाकी आपण सगळे रविवारचे पाहुणे.

बोला.

कोळशाची_राख

धागा चांगला आहे पण मी उलटं बोलणार, शिव्या घालू नका. संध्याकाळी सहा-सातला जटपुरा गेटपाशी उभं राहून दाखवा अन् मग हेरिटेज-हेरिटेज करा. ऑटो, शाळेच्या व्हॅन, मधातच एखादी गाय, सगळं त्या एका कमानीतून जाऊन राहिलं. अँब्युलन्स अडकते तेव्हा कोणता वारसा? मी गेट पाडा म्हणत नाही, पण बाजूची थोडी भिंत मोकळी करून रस्ता काढला तर आभाळ कोसळते काय?

गोंडवन_वाचक

@कोळशाची_राख, "बाजूची थोडी भिंत" म्हणजे परकोटच हो. दरवाजा वेगळा अन् भिंत वेगळी असं नसते. आज जटपुऱ्याला थोडी, उद्या बिनब्याला थोडी, मग चार कमानी चौकातल्या पुतळ्यांसारख्या उभ्या राहतील अन् आपण त्यांच्याभोवती गोल फिरू.

अंबानगरीवाला

अमरावतीकर हजर. आमच्याकडेही परकोट आहे, निजामाच्या अमलात पेंढाऱ्यांच्या भीतीनं बांधलेला, म्हणजे तुमच्यापेक्षा खूप नवा. जवाहर गेट, खोलापुरी गेट, आणि ती खुनारी खिडकी. तर गोंडवन_वाचक म्हणतात ते आमच्याकडे डोळ्यांनी दिसतं, जवाहर गेटचा पत्ता सगळ्यांना माहीत पण त्याच्या आजूबाजूची भिंत कुठून कुठं जाते विचारलं तर दहातले आठ जण डोकं खाजवतील. दुकानांच्या मागं गेलेली भिंत लोकांच्या डोक्यातून पण जाते. तुमच्याकडे निदान एवढा मोठा सलग भाग शिल्लक आहे, तो तोडायची भाषा करू नका राव.

चांदेकर_इन_पुणे

मस्त धागा! वाचनखूण साठवली. मला वाटतं आपण ब्रँडिंगमध्ये कमी पडतो. ताडोबाला एवढे टुरिस्ट येतात, त्यातले किती चंद्रपूर शहरात थांबतात? गेटवर लाइटिंग, रात्री साउंड अँड लाइट शो, सेल्फी पॉइंट, एखादं फूड स्ट्रीट परकोटाच्या कडेनं. सीएसआरमधून पैसे निघू शकतात, एवढ्या कंपन्या आहेत आजूबाजूला.

कोळशाची_राख

पुण्याहून सेल्फी पॉइंट आला, या 😄 आधी भिंतीच्या कडेनं नाकाला रुमाल न लावता चालता येऊ दे, मग फूड स्ट्रीट.

दगड_चुना_सुरखी

मी जुन्या इमारतींच्या दुरुस्तीच्या कामात आहे (चंद्रपुरात नाही, पण दोनतीनदा परकोट फिरून बघितलाय), म्हणून थोडं टेक्निकल लिहितो.

पहिली गोष्ट, झाड "उपटणे" हा शब्द डोक्यातून काढा. वड-पिंपळाचं मूळ सांध्यात शिरून जाड झालं की ते आणि भिंत एकमेकांना धरून असतात. जोर लावून ओढलं की मुळाबरोबर दोन दगड येतात, आणि ते दोन दगड आले की वरचे चार सैल. हातभर रोप असेल तर पावसाळ्यानंतर लगेच काढता येतं. मोठं असेल तर वरून छाटायचं, खोडाला औषध लावून मारायचं, ते पूर्ण वाळू द्यायचं, मग मूळ तुकड्या-तुकड्यानं काढून त्याच दिवशी पोकळी भरायची. हे स्वयंसेवकांचं काम नाही, खात्याच्या माणसाच्या देखरेखीखालीच व्हायला हवं. स्वयंसेवकांनी माथ्यावरचं गवत आणि छोटी रोपं दरवर्षी काढली तरी ७० टक्के लढाई जिंकली असं मी म्हणेन, आकडा अंदाजे आहे, भांडू नका.

दुसरं, सिमेंट. जुनी भिंत चुन्यात आहे, चुना श्वास घेतो, आत गेलेलं पाणी सांध्यातून हळूहळू बाहेर पडतं. वरून सिमेंटच्या दरजा भरल्या की पाणी आत कोंडतं आणि सांधा सोडून दगडच झिजायला लागतो. ओल, क्षार, मग पापुद्रे. बाहेरून गुळगुळीत, "काय मस्त काम केलं" असं वाटतं आणि काही वर्षांनी दगडाचा चेहराच गळून पडतो. चुना नीट भिजवून मुरवायचा, चुन्याच्या घाणीत (दगडी चक्कीत) सुरखी म्हणजे विटांची पूड आणि वाळूबरोबर मळायचा, त्यात गूळ, बेलफळाचं पाणी, हिरडा असं जे तिथं चालत असेल ते. हे येणारे गवंडी आता फार कमी उरलेत, ही खरी अडचण. पैसे त्यामानानं मिळून जातात.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं, ज्यावर कोणीच बोलत नाही. पायातलं पाणी. सांडपाणी वर्षभर भिंतीच्या बुडाशी मुरत असेल तर वरून कितीही साफ करा. बूड बसलं की भिंतीला पोट सुटतं आणि मग एखाद्या जोरदार पावसात तो तुकडा सरळ खाली येतो. लोक म्हणतात पावसानं पडली. पावसानं फक्त शेवटचा धक्का दिलेला असतो.

परकोटाशेजारी

आता मी बोलतो, कारण ते सांडपाणी आमच्याकडचंच आहे.

आमचं घर परकोटाला पाठ लावून आहे, आज्याच्या आधीपासून. पहिले मातीचं होतं मग कवेलूचं आता अर्धं स्लॅब अर्धं टिन. घराच्या जोत्यात दोन-तीन दगड परकोटाचे आहेत हे मी इथं कबूल करतो, आमच्या गल्लीत कोणाच्या नाहीत ते सांगा. त्या काळी पडलेला दगड उचलायला कोणी कोणाले विचारत नव्हतं.

आता माझी अडचण ऐका. टिन गळते. स्लॅब टाकायचा म्हटलं तर शंभर मीटरच्या आत आहे, परवानगी नाही. एका ऑफिसात गेलो तर म्हणे दुसऱ्या ऑफिसात जा, तिथं म्हणे नागपूर, नागपूरहून म्हणे ऑनलाइन करा, ऑनलाइन करायले सायबर कॅफेवाल्यानं पैसे घेतले अन् कागद कमी पडले म्हणून परत आलं. पोरीचं लग्न आहे पुढच्या वर्षी. मग माणूस काय करते, रात्री गिट्टी आणून टाकते. मग नोटीस. मग तुम्ही लोकं पेपरमध्ये वाचता "परकोटाला अतिक्रमणाचा विळखा".

अन् मागची नाली कोणी बांधलीच नाही, पाणी जाईल कुठं? भिंतीतच जाईल ना. साफसफाई झाली तेव्हा आमच्या घरच्यांनी पण पाणी दिलं, चहा दिला त्या पोरांले. चांगली पोरं आहेत. पण ते गेल्यावर आम्हीच इथं राहतो, साप आमच्याच घरात निघते.

वर्गात_बसा

परकोटाशेजारी, तुमच्या पोस्टला +१०००. मी शिक्षिका आहे, दरवर्षी मुलांना बगड खिडकीच्या बाजूनं परकोटावर नेते. मुलं सगळ्यात जास्त प्रश्न विचारतात ते राजांबद्दल नाही, "बाई ह्या घरातले लोक रोज किल्ला बघतात का?" असे. आणि एकदा तिथल्याच एका आजीनं मुलांना सांगितलं की पूर आला की खिडकी-दरवाजाच्या बाहेर किती पाणी असायचं आणि आत कसं कोरडं असायचं. इरई आणि झरपट दोन्ही नद्या जवळ, २०२२ च्या पुरात बाहेरच्या वस्त्यांचे काय हाल झाले ते आपण पाहिलंच. परकोट लढाईसाठी होता तेवढाच पुरासाठी पण, हे पुस्तकात एका ओळीत असतं पण त्या आजीनं सांगितलं तेव्हा मुलांना कळलं.

गोंडवन_वाचक

माझा एक मुद्दा राहिला. परकोट, दगड, चुना सगळं ठीक आहे, पण हे गोंड राजांचं राज्य होतं हे आपण बोलतो किती? शहरात फिरा, दुकानांना, कॉलन्यांना, मंगल कार्यालयांना नावं बघा. राणी हिराईनं महाकालीचं मंदिर उभारलं, अंचलेश्वराचं केलं, नवऱ्याची वीरशहाची समाधी बांधली, आणि चैत्रात मराठवाड्यातून, तेलंगणातून हजारो लोक महाकालीला येतात, त्यातल्या कितीजणांना हिराई माहीत असते? समाधीस्थळ अंचलेश्वर दरवाज्याला लागूनच आहे, तिथंपर्यंत येऊन लोक मंदिरातूनच परत जातात.

दरवाज्यावरचं ते हत्तीवर स्वार झालेल्या सिंहाचं शिल्प, ते राजचिन्ह आहे. रोज त्याच्या खालून हजारो गाड्या जातात. मी एकदा चार ऑटोवाल्यांना विचारलं तर एकानं सांगितलं "ते तं सर्कशीचं असन".

आणि जेल. जुन्या राजवाड्याच्या जागेत जेल आहे, तिथंच २१ ऑक्टोबर १८५८ ला इंग्रजांविरुद्ध उठलेल्या बाबुराव शेडमाकेंना फाशी दिली. दरवर्षी त्या तारखेला आमचे लोक जमतात. बाकीच्या शहराला तो दिवस ट्रॅफिक वळवल्यामुळे कळते. संवर्धन म्हणजे फक्त भिंत उभी ठेवणे असेल तर मग ती कोणाचीही भिंत आहे.

चांदेकर_इन_पुणे

गोंडवन_वाचक, पटलं. मी जटपुरा गेटजवळच्या शाळेत दहा वर्षं शिकलो आणि मला हिराईबद्दल कोणी शिकवल्याचं आठवत नाही. ताजमहाल मात्र कोणी बांधला ते तीनदा परीक्षेला आलं.

पण मग माहितीफलक तरी करूया की, गोंडी, मराठी दोन्हीत. त्याला पण सेल्फी पॉइंट म्हणणार का? 😉

कोळशाची_राख

नाही, ते चालते. फलकाच्या खर्चातले माझे पाचशे लिहून घ्या.

बरं माझ्या ट्रॅफिकचं कोणी बोललंच नाही.

दगड_चुना_सुरखी

तुमच्या ट्रॅफिकचं बोलतो. सततची जड वाहनं, हॉर्न, धूर, कंपनं हे कमानीलाही वाईटच, म्हणजे तुम्ही आणि आम्ही एकाच बाजूला आहात. मोठी वाहनं गेटमधून पूर्ण बंद, गेटच्या दोन्ही बाजूंचं पार्किंग आणि हातगाड्या मागं, हे भिंत न तोडता होतं. आधी ते करून बघायला नको का? आणि कायद्यानंही भिंत तोडणं शक्य नाही. स्मारकाभोवतीच्या प्रतिबंधित क्षेत्रात सार्वजनिक कामांना सूट देणारं, स्मारकांच्या कायद्याचं दुरुस्ती विधेयक जानेवारी २०१८ मध्ये लोकसभेत मंजूर झालं होतं, मग राज्यसभेत निवड समितीकडे गेलं. आणि तेसुद्धा स्मारकाच्या आजूबाजूच्या जागेबद्दल होतं, स्मारकच फोडायला नव्हे.

आता परकोटाशेजारी यांच्यासाठी, कारण त्यांना बहुतेक अर्धीच माहिती दिली गेली आहे. २०१० च्या दुरुस्तीनंतर कायदा असा : स्मारकापासून १०० मीटर प्रतिबंधित, त्यापुढं आणखी २०० मीटर नियंत्रित. इतर ठिकाणी स्मारक म्हणजे एखादं देऊळ किंवा मकबरा, इथं ११ किमीची रेघ. नुसता १०० मीटरचा पट्टा दोन्ही बाजूंनी धरला तरी ढोबळ हिशोबानं दोन चौरस किमीच्या वर जागा होते आणि ती गावाची सगळ्यात जुनी, सगळ्यात दाट वस्ती. कायदा करताना असं गाव कोणाच्या डोळ्यासमोर नसावं.

पण त्यात दोन दारं उघडी आहेत. एक, १६ जून १९९२ च्या आधीपासून उभं असलेल्या घराची दुरुस्ती आणि नूतनीकरण करता येतं, सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून. पाडून नवीन बांधणं नाही, मजला चढवणं नाही, पण गळकं छप्पर दुरुस्त करणं यात बसायला हवं. कवेलू-टिनाच्या जागी स्लॅब याला ते दुरुस्ती म्हणतील की नाही हे अर्जात कसं मांडता त्यावर आहे, मी खात्री देणार नाही. त्यासाठी घर १९९२ च्या आधीचं आहे हे दाखवणारा कागद लागतो : जुनी कर पावती, वीज बिल, सिटी सर्व्हेचा उतारा, जे असेल ते.

दोन, आणि हे लोकांना माहीतच नसतं : कायद्यात "बांधकामा"ची जी व्याख्या आहे त्यातून नाल्या, गटारं, सार्वजनिक शौचालयं, लोकांसाठी पाण्याची आणि विजेची सोय ही कामं वगळलेली आहेत. म्हणजे "परकोटाजवळ आहे म्हणून नाली बांधता येत नाही" असं कोणी सांगितलं तर सरळ व्याख्या वाचून दाखवा. खोदकाम भिंतीला खेटून असेल तर खात्याला विचारूनच करायचं, ते वेगळं.

परकोटाशेजारी

हे मले आजपर्यंत एकाही माणसानं सांगितलं नव्हतं. घर टॅक्सची १९८० च्या आसपासची पावती आहे, आज्याच्या नावाची. चालते का?

दगड_चुना_सुरखी

चालायला हवी. सोबत वारसाचे कागद जोडा, घराचे आत-बाहेरचे फोटो, आणि साधा का होईना पण मोजमापांसह नकाशा. अर्जात "नवीन स्लॅब" असं लिहून टाकू नका, गळतीचं काय आहे ते आधी लिहा.

झरपटकाठ (धागाकर्ता)

वा, धाग्याचं चीज झालं. आता हातातली एकच गोष्ट धरूया, नाही तर फूड स्ट्रीटपासून जेलपर्यंत सगळं बोलून आपण झोपी जाऊ. ती म्हणजे नाली. हनुमान खिडकीपासून सुरुवात करून एका टप्प्यात भिंतीच्या बुडाशी कुठं कुठं सांडपाणी सुटतं, ते फोटो आणि जागेसकट नोंदवायचं. त्याची यादी करून मनपाला एक अर्ज, पुरातत्त्व खात्याला एक. अर्जावर सह्या तिथल्याच घरांच्या, आपल्या नाही. आपल्या शहरातल्या रामाळा तलावासाठी २०२१ मध्ये अन्नत्याग करावा लागला तेव्हा हालचाल झाली, इथं तेवढी वेळ येऊ नये.

अंबानगरीवाला

फॉर्मॅट बनला की इथं टाका, आम्ही अमरावतीत तोच वापरू.

गोंडवन_वाचक

मी येतो. पण फॉर्ममध्ये "अतिक्रमणधारक" शब्द नको. "रहिवासी" लिहा.

वर्गात_बसा

नववीची आठ-दहा मुलं येतील, पालकांची परवानगी घेते. मोजपट्टी आणि नकाशा भूगोलाच्या प्रॅक्टिकलमध्येच बसवते म्हणजे मुख्याध्यापकांचा प्रश्न सुटला. फक्त सकाळी सात ते नऊच, त्यानंतर उन्हात नाही नेणार.

परकोटाशेजारी

या. पण फोटो काढायच्या आधी प्रत्येक घरी सांगून काढा, नाही तर लोकं समजतील नोटीसवाले आले. मी आदल्या दिवशी गल्लीत फिरून सांगून ठेवतो. शाळेच्या पोरांना पूर्ण बूट घालून आणा, मागं काच अन् काटे लय आहेत.

कोळशाची_राख

गाडी कुठं लावायची तेवढं सांगा फक्त.

परकोटाशेजारी

गेटापाशी नको लावू भाऊ 😄 आत मैदान आहे शाळेच्या मागं, तिथं लाव.